पोटखराबा कशास म्हणावे?

महसुली दप्तरात लागवडीस अयोग्य जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. आकारणीपुरता हा शब्द ठीक आहे. त्यावरूनच जमिनीचे मोल ठरवू लागलो, म्हणजे मात्र हिशेब चुकतो. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार हे याचे बोलके उदाहरण होय.

सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात उजाड भासतो आणि भाद्रपदात फुलांनी झाकला जातो. याचे पहिले कारण स्थानिक आहे. मातीचा थर इतका पातळ की मोठे वृक्ष तेथे मूळ धरीत नाहीत. पाणी साचते तेथे गेंद फुलतो, तर भेगांत माती साठते तेथे निराळ्याच वनस्पती वाढतात. मातीत नत्र अल्प. म्हणून ‘सीतेची आसवे’ आणि दवबिंदू या वनस्पती सूक्ष्म जीव व कीटक पकडून ती उणीव भरून काढतात.

तथापि चाळणी कितीही बारीक असली, तरी तिच्यात जे ओतावे तेच खाली उतरणार. कोणत्या जाती तेथवर पोहोचतात, हे सह्याद्रीची रांग, मोसमी पाऊस आणि आसपासची पठारे ठरवितात. वायतुऱ्यासारखी जलवनस्पती तर अशा मोजक्याच पठारांवर आढळते. एका जागेचे वैविध्य केवळ त्या जागेकडे पाहून उलगडत नाही, प्रदेशाचा इतिहासही पाहावा लागतो, हा विचार अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट रिकलेफ्स यांनी १९८७ साली आग्रहाने मांडला.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. ही समाधानाची गोष्ट खरीच. परंतु सह्याद्रीतील व कोकणातील कित्येक सडे अशा मानापासून वंचितच राहिले. कोठे बॉक्साइटच्या खाणी झाल्या, कोठे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर कोठे आंबा-काजूच्या बागांसाठी कातळ फोडला गेला. उघडा सडा दिसला की त्यावर झाडे लावण्याचा उत्साहही असाच घातक. कारण तेथील वनस्पतींना सावली मानवत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर एका पठारावरील फुले हे व्याज आहे आणि सारा प्रदेश ही मुद्दल. मुद्दल मोडून व्याज जपता येत नाही. एखाद्या सड्यावर खाण वा प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी त्याची पाहणी निदान एका पावसाळ्यात व्हावी. उन्हाळ्यात केलेल्या पंचनाम्यात तेथे ‘काही नाही’ असेच लिहिले जाणार!