विकता न येणारे दूध पारडाच्या तोंडी

दुधाचा धंदा आपल्या बांधवांना नवा नाही. कोणाचा तबेला आहे, कोणी घरोघर रतीब घालतो, कोणी दही-पनीर, खवा-मिठाईत आहे, तर कोणी जनावरांच्या बाजारात उठबस करतो. या सर्वांच्या खिशाशी संबंध असलेली, पण कोणाच्याही वहीत न लिहिली जाणारी एक गोष्ट आम्ही या वेळी मांडत आहोत. म्हशीला कासदाह झाला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, सडात ट्यूब सोडली, की त्या म्हशीचे दूध काही दिवस विकता येत नाही. मग ते जाते कुठे? पुष्कळ ठिकाणी ते पारडाच्या पोटात जाते.

आम्ही एका तबेल्यात पहाटेच्या धारेला उभे होतो. एका म्हशीचे दूध गड्याने वेगळ्या बादलीत काढले. आम्ही मालकांना विचारले, "चाचा, हे दूध वेगळं का?"

"तिला सुया चालू आहेत, भाई. गिऱ्हाइकाला हे द्यायचं नाही. पारड्यांना पाजतो. एवढं दूध गटारात ओतायला जीव होत नाही."

चाचांची नियत साफ होती. ते दूध चांगल्या दुधात मिसळून विकणारेही आहेत. चाचा त्यांतले नव्हते. गिऱ्हाइकाचा त्यांनी विचार केला होता. चूक होती ती एवढीच, की पारडू प्यायले म्हणजे ते दूध संपले, असे त्यांनी धरले होते.

दुधात औषध राहते किती दिवस?

कासदाहावर दिलेले प्रतिजैविक औषध सडातून सोडलेले असो वा सुईतून दिलेले असो, त्याचा काही भाग दुधावाटे बाहेर पडतो. उपचार चालू असताना त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. शेवटच्या मात्रेनंतर ते दिवसागणिक उतरत जाते. किती दिवसांनी दूध वापरण्याजोगे होते, हे औषधाऔषधावर अवलंबून असते. म्हणून आपल्या देशात 2012 साली औषधविषयक नियमांत दुरुस्ती झाली आणि दूध-मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर हा वर्ज्य काळ छापणे बंधनकारक झाले. एखाद्या औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नसेल, तर दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरावेत, असे तो नियम सांगतो. म्हशींच्या खरेदी-विक्रीत असलेल्या बांधवांनी हा 28 दिवसांचा आकडाही लक्षात ठेवावा. आजारी म्हैस सुया देऊन लगेच कत्तलीसाठी विकणे या नियमात बसत नाही.

पारडाच्या पोटात काय घडते?

पारडाच्या आतड्यात असंख्य जंतू असतात. त्यांतले काही औषधाला मरणारे, तर काही त्याला दाद न देणारे. औषधाचा अंश असलेले दूध रोज पोटात गेले, की मरणारे मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्यांना जागा मोकळी मिळते आणि ते वाढतात. हे चिवट जंतू शेणावाटे गोठ्यात पडतात. तिथून ते पाण्याच्या हौदात, दुसऱ्या पारडांच्या तोंडात, दुभत्या जनावरांच्या कासेला आणि धार काढणाऱ्याच्या हातालाही लागतात.

हा केवळ तर्क नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने या एकाच प्रश्नावर उपलब्ध संशोधन तपासून 2017 साली आपले मत प्रसिद्ध केले. उपचार चालू असताना आणि वर्ज्य काळात काढलेल्या दुधात औषधाचा अंश बऱ्यापैकी असतो आणि असे दूध पाजलेल्या वासरांच्या शेणातून औषधाला न जुमानणारे जंतू अधिक प्रमाणात बाहेर पडतात, असा त्या संस्थेचा निष्कर्ष आहे. ही खोड आपल्याकडचीच आहे असेही नाही. इंग्लंड-वेल्समधील दूध उत्पादकांची 2012 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की तिथले 80 टक्क्यांहून अधिक गोठे असे टाकाऊ दूध वासरांना पाजत होते. "टाकायला जीव होत नाही" हे जगभरच्या गोठ्यांतले दुखणे आहे.

कोणी म्हणेल, आम्ही दूध उकळून पाजतो. उकळल्याने कासदाहाचे व इतर रोगांचे जंतू मरतात, हे खरे आणि तेवढा फायदा होतोच. पण औषधाचा अंश उकळल्याने भरवशाने जात नाही. म्हणजे दूध जंतूंपासून सुटते, औषधापासून सुटत नाही.

चीक मात्र टाकू नका

हे वाचून कोणी घाबरून चीकही फेकून देईल, म्हणून मुद्दाम सांगतो. म्हैस आटवताना सडात दीर्घकाळ टिकणारे औषध भरले असेल आणि त्या औषधाला ठरवून दिलेला काळ व्यायच्या आधी पूर्ण झाला असेल, तर त्या चिकापासून मोठा धोका नाही, असे त्याच संस्थेने म्हटले आहे. चिकाशिवाय पारडू जगवणे कठीण. जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन तासांतच त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. म्हैस ठरल्या काळाआधीच व्याली, तर डॉक्टरांना विचारावे आणि दुसऱ्या निरोगी म्हशीचा चीक पाजावा.

तीस लिटरांची बचत

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब करू. म्हैस दिवसाला 8 लिटर देते असे समजा. उपचार 3 दिवस आणि वर्ज्य काळ 7 दिवस, असे एकूण 10 दिवस. म्हणजे 80 लिटर दूध विक्रीतून गेले. 30 किलोच्या पारडाला वजनाच्या दहाव्या हिश्श्याने रोज 3 लिटर दूध लागते. दहा दिवसांत ते 30 लिटर पिईल. उरलेले 50 लिटर तसेही टाकावेच लागणार. बचत झाली ती 30 लिटरांची. पारडे जास्त असतील तर बचत वाढेल, आणि त्याबरोबर चिवट जंतूंची पैदासही.

समोरच्या बाजूला काय आहे ते पाहा. पारडी पहिल्यांदा विण्यास तीन-साडेतीन वर्षे लागतात. लहानपणी तिचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हगवण. त्या वेळी औषधाची गरज पडली आणि जंतू त्याच औषधाला सरावलेले निघाले, तर महागडे इंजेक्शन वाया जाते आणि कधी पारडीही हातची जाते. गोठ्यात एकदा असे जंतू रुजले, की ते एका जनावरापुरते राहत नाहीत. 30 लिटर दुधासाठी हा सौदा परवडणारा नाही.

दहीवाले आणि मिठाईवाले यांच्यासाठी

पारडाला पाजायचे म्हणून बाजूला ठेवलेली बादली घाईगर्दीत चुकून मोठ्या कॅनमध्ये रिकामी होते, हा दुसरा धोका. मग दहीवाला विरजण लावतो आणि दही लागतच नाही. दोष विरजणाला किंवा थंडीला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. पण दुधात पेनिसिलीनचा थोडासा अंश असला तरी विरजणातले जंतू वाढत नाहीत. जनावरांना पेनिसिलीन देणे सुरू झाल्यावर 1950 च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील चीज कारखान्यांना हाच अनुभव आला आणि दुधातील औषधाची तपासणी करण्याची गरज तिथून पुढे आली. खवा करणाऱ्यांनी तर ध्यानात ठेवावे, की आटवताना पाणी उडून जाते, उष्णतेला टिकणारे औषध मात्र मागे राहून अधिक घट्ट होते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांतल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त सापडली. प्रमाण थोडे आहे. पण ज्याच्या दुकानाचा नमुना त्या 77 मध्ये सापडेल, त्याचे गिऱ्हाईक प्रमाण विचारत बसणार नाही.

काय करावे?

उपचार चालू असलेल्या म्हशीच्या पायाला रंगीत पट्टी बांधावी आणि तिची धार सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात काढावी. औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख व दूध कधी चालू करायचे ती तारीख गोठ्यातल्या पाटीवर खडूने लिहावी. गडी बदलला तरी पाटी बदलत नाही. टाकायचे दूध गटारात किंवा हौदाजवळ न ओतता दूर खड्ड्यात टाकून वर माती लोटावी. पारडाला निरोगी म्हशीचे दूध द्यावे आणि लवकरच वासरांचे खाद्य व कोवळा चारा तोंडी लावावा, म्हणजे दुधाची गरज आपोआप कमी होते.

सर्वांत स्वस्त उपाय कासदाह होऊच न देण्याचा आहे. धारेआधी कास धुऊन कोरडी करावी, गड्याचे हात स्वच्छ असावेत, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत. धार झाल्यावर म्हशीपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते आणि सडाचे तोंड मिटेपर्यंत ओल्या जमिनीवर बसत नाही. सुई द्यायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी, दूध आधी तपासून घ्यावे आणि मात्रा अर्ध्यावर सोडू नये.

निघताना आम्ही चाचांना हा तीस लिटरांचा हिशेब सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग गड्याला म्हणाले, "ती बादली पारड्यांकडे नेऊ नको, इकडे आण." आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या गोठ्यात अशी वेगळी बादली ठेवलेली असेल, त्यांनीही आज संध्याकाळच्या धारेला ती कुठे जाते, एवढे जातीने पाहावे.