ठोका चुकला, तो कागदावर कसा दिसतो?

ईसीजी हातात पडला की आपली नजर आधी वरच्या इंग्रजी ओळीवर जाते. ‘ॲबनॉर्मल ईसीजी’ एवढं वाचून ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं, अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. ती ओळ यंत्राने छापलेली असते. ठोक्यांचा ताल पाहायचा तर डॉक्टर बहुधा कागदाच्या तळाशी जातात. तिथे एकच लांब पट्टी असते, साधारण दहा सेकंदांची.

कागदावरच्या जाळीत वेळ मोजलेली असते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२ सेकंदाचा. लागोपाठच्या दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजायचे आणि त्या आकड्याने ३०० ला भागायचं. चार चौकोन आले, तर मिनिटाला ७५ ठोके.

प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटा उंचवटा असतो, तो ‘पी’. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधून विजेची लहर गेल्याची ही खूण. मागोमाग येणारं टोकदार ‘क्यूआरएस’ खालच्या कप्प्यांचं, आणि शेवटचा ‘टी’ म्हणजे ते कप्पे पूर्वस्थितीला येतानाचा. ही अक्षरं ठरवली डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांनी. ईसीजीच्या कामासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. पुढचं बरंचसं निदान दोनच प्रश्नांवर चालतं: ‘पी’ आहे का, आणि त्याचं ‘क्यूआरएस’शी जमतंय का?

‘पी’च दिसत नाही, त्याच्या जागी रेघ नुसती थरथरते आणि उंच टोकं मन मानेल तशी पडतात, तेव्हा ते एट्रियल फिब्रिलेशन. शंका असेल तर एक जुनी युक्ती आहे. कोऱ्या कागदाची कड पट्टीला लावून लागोपाठच्या तीन-चार टोकांवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. ताल नियमित असेल, तर खुणा पुन्हा टोकांवर बसतात. इथे त्या कुठेच बसत नाहीत. तीनशेचा भागाकारही इथे फसतो. दहा सेकंदांतली टोकं मोजून सहाने गुणावं लागतं.

या एका तालावर एवढं थांबण्याचं कारण आहे. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. कित्येकांना छातीत काहीच जाणवत नाही. हा आजार म्हातारपणाचा समजला जातो, पण लहानपणी संधिवाताचा ताप येऊन मायट्रल झडप आकसलेल्या तरुण बायकांमध्येही तो आपल्याकडे दिसतो. शिवाय तो बऱ्याचदा येऊनजाऊन असतो. आजची पट्टी स्वच्छ निघाली म्हणून तो नाहीच असं नव्हे. म्हणूनच चोवीस तास ईसीजी टिपणारं होल्टर लावतात.

‘पी’ आहे, पण ‘क्यूआरएस’शी त्याचं काही देणंघेणं नाही, असंही होतं. एका घरात राहून अबोला धरलेल्या जोडप्यासारखे दोघे आपापल्या गतीने चालतात. हा पूर्ण हार्ट ब्लॉक. इथे बहुतेकदा पेसमेकर लागतो.

ज्याला आपण ‘ठोका चुकला’ म्हणतो, तो बहुधा चुकलेला नसतो, लवकर पडलेला असतो. पट्टीवर एक टोक वेळेआधी येतं, मग जरा मोठी मोकळी जागा. छातीत धक्का बसतो तो त्यानंतरच्या जोरकस ठोक्याचा. हृदय धडधाकट असेल, तर अशा तुरळक ठोक्यांचा बाऊ करू नये.

बाऊ करायचा तो रुंद आणि वेगवान टोकांचा. ‘क्यूआरएस’ तीन बारीक चौकोनांपेक्षा रुंद, वेग मिनिटाला शंभरच्या वर आणि ताल नियमित असेल, तर वेगळं काही सिद्ध होईपर्यंत तो व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे तातडीचं प्रकरण. तरी आधी रुग्णाकडे बघायचं. पार्किन्सनचा कंप किंवा सैल लागलेली तारही कागदावर असाच धुमाकूळ घालते. मला यंत्राच्या ओळीवर विसंबणं पटत नाही ते यामुळेच: रुग्ण गप्पा मारतोय की घामाघूम झालाय, हे तिला दिसत नाही.

धडधडीबरोबर चक्कर, शुद्ध हरपणं किंवा छातीत दुखणं असेल, तर कागद वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. एरवी जुने ईसीजी जपा, कारण नवा बदल ओळखायला डॉक्टरांना आधीची पट्टी लागते. हा कागद बहुधा उष्णतेने छापला जाणारा असतो आणि काही वर्षांत पुसट होतो, तेव्हा मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो आजच काढून ठेवा.