कसणाऱ्याचे नाव कोणत्या रकान्यात?

२०१९ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने कोकणातले कापणीला आलेले भात आडवे केले. त्या वर्षी आमच्या बाबांनी पनवेल तालुक्यात दीड एकर शेत अर्धेलीने केले होते. राबणूक आमची, बियाण्या-खताचा खर्च आमचा. जमीन मुंबईत राहणाऱ्या एका गृहस्थांची. पंचनामा झाला तेव्हा बाबा बांधावर उभे होते, पण कागदावर नाव लागले ते सातबाऱ्यावरचे. राज्यात त्या वेळी राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांसाठी दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ८ हजार रुपये मदत जाहीर केली. आमच्या शेताचे पैसे मालकाच्या खात्यावर गेले. त्यांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. नियमच तसा होता. बाबांनी विचारले, "मग आपण कोण? शेतकरी की मजूर?" मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. तरी मला उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सरकारी मदत शेतीपर्यंत कशी पोचते ते आधी समजून घेतले पाहिजे. तिच्या मुख्य वाटा तीन.

पहिली वाट म्हणजे शेतीला लागणाऱ्या वस्तू स्वस्त करणे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. खरी किंमत याच्या कितीतरी पट असते व फरक केंद्र सरकार सोसते. २०२२-२३ या एका वर्षात खतांवरचे हे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. ही मदत अर्धेली करणाऱ्यालाही थोडीफार मिळते, कारण गोणी तोच विकत घेतो. पण ज्याची जमीन जास्त त्याच्या गोण्या जास्त, म्हणून त्याचे अनुदानही जास्त. विजेचेही तसेच. २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना आली. ज्याच्याकडे विहीर नाही, पंप नाही, जो केवळ पावसावर भात पिकवतो, त्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

दुसरी वाट हमीभावाची. शांता कुमार समितीने २०१५ साली दाखवून दिले की देशातले जेमतेम ६ टक्के शेतकरी आपला माल सरकारी खरेदीत हमीभावाने विकू शकतात. खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो. तो नसलेला माणूस आपले भात गावच्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने देतो. शिवाय २०२२-२३ च्या हंगामापासून राज्याने धानाचा बोनस क्विंटलऐवजी हेक्टरवर मोजायला सुरुवात केली. म्हणजे मदत पिकापासून सुटली आणि जमिनीला चिकटली.

तिसरी वाट थेट पैशाची. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत जमीनधारक कुटुंबाला वर्षाला ६ हजार रुपये ठरले. २०२३ साली राज्याने 'नमो शेतकरी' योजनेतून आणखी ६ हजारांची भर घातली. पीएम-किसानला आरंभी दोन हेक्टरची मर्यादा होती, तीही २०१९ सालीच काढली गेली. प्राप्तिकर भरणारे वगैरे काही वर्ग वगळले, तरी वीस एकरवाला पात्र आणि दुसऱ्याची दीड एकर कसणारा अपात्र, असा हा हिशोब आहे. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या घ्या. सातबाऱ्याशिवाय बँक पीककर्ज देत नाही. मग माफ काय होणार? आमच्या वस्तीतले कर्ज हातउसने असते. ते कोणत्याही यादीत येत नाही. पीकविम्याच्या नियमांत कुळे व बटाईदार पात्र आहेत खरे, पण त्यासाठी लेखी करार दाखवावा लागतो आणि तो मालक करून देत नाही. २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीवरूनच तयार होतो.

तात्पर्य, सगळ्या वाटा एका कागदाशी येऊन थांबतात. त्या कागदावर आपले नाव का नाही?

याला इतिहास आहे. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोती होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने ज्यांची कूळ म्हणून नोंद होती ते मालक झाले. हे मोठेच काम झाले. पण ज्यांची नोंद नव्हती, जे कुळाच्या हाताखाली राबत होते, त्या महार-चांभारांना आणि कातकऱ्यांना त्यातून काय मिळाले? पुढे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच उणिवेपोटी. २०१५-१६ च्या कृषिगणनेचा आकडा पाहा. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६ टक्क्यांवर. त्यांच्या वहिवाटीखालचे क्षेत्र ९ टक्क्यांच्या आत.

कुळकायद्याची एक उलटी बाजूही आहे. नवे कूळ लागले तर जमीन जाईल या धास्तीने मालक काहीच लिहून देत नाहीत. म्हणून आमच्याकडे सारा व्यवहार तोंडी. गाव नमुना बारामध्ये जमीन करणाऱ्याच्या नावासाठी रकाना असे. त्यातही बहुधा मालकाचेच नाव पडे.

कुणी म्हणेल, मग जमीन घ्या. दादासाहेबांच्याच नावाची सबलीकरण योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. २०१८ मध्ये ती पूर्ण अनुदानाची झाली आणि दराची मर्यादा ठरली जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख. १९७० साली सिडको आल्यापासून पनवेलचे भाव चढतच गेले. २०२५ साली विमानतळाचेही उद्घाटन झाले. या दराने इथे एकर सोडा, गुंठ्याचीही गोष्ट कोणी करत नाही. योजना कागदावर उदार, पण पनवेलपुरती पोकळ.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आपला झगडा दोन एकरवाल्या आगरी, कराडी वा कुणबी शेतकऱ्याशी नाही. तोही पिचलेलाच आहे. त्याचे अनुदान तोडा असे आपण म्हणत नाही. अनुदान कमी करा अशी नुसती ओरड करणाऱ्यांच्या ओळीत आपण बसायचे कारण नाही. आपली मागणी एवढीच की मदतीचा आधार मालकी नसावा, कसणूक असावी.

ही मागणी हवेतली नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने 'शेतकरी' शब्दाच्या व्याख्येत कुळे, बटाईदार आणि शेतमजूरही धरले आहेत. व्याख्या आहे, अंमल नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदा केला. अकरा महिन्यांचा लेखी करार, त्यावर कसणाऱ्याला कार्ड. मालकाच्या हक्काला धक्का नाही. छत्तीसगडने २०२१ साली भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना वार्षिक रोख मदत सुरू केली. महाराष्ट्राला हे का जमू नये? मालकाची भीती घालवणारा असा करार, नुकसानभरपाई आणि बोनस कसणाऱ्याच्या खात्यावर, मजूर कुटुंबाला स्वतंत्र मदत आणि सबलीकरणाचे दर तालुक्याच्या बाजारभावाप्रमाणे, या चार गोष्टी धरून बसले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी असे मांडले. जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत म्हणून. तो पल्ला दूर आहे. तोवर एक काम आपल्या हातचे आहे. आपापल्या गावात कोण कोणाची किती जमीन कसतो याची यादी विद्यार्थ्यांना घेऊन या पावसाळ्यात करावी व ग्रामसभेत ठेवावी. त्या यादीने मालकी मिळणार नाही. पण पुढच्या पंचनाम्याला बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे नाव निदान एका कागदावर तरी असेल.