वर्गणीचा पैसा आणि लॅपटॉपची निवड

गेल्या वर्षी आंबोलीच्या आमच्या वाडीत भीमजयंतीचे चित्रीकरण मोठ्या उत्साहाने झाले. वाडीतील सर्वांत वयोवृद्ध आजींनी बाबासाहेबांवरचे पाळणे गायिले, धर्मांतराच्या काळातील आठवणी सांगितल्या. समितीने मुंबई शाखेच्या मदतीने नवा लॅपटॉप घेतला होता. तरुणांनी सारे चित्रीकरण त्यात भरले आणि जागा व्हावी म्हणून मोबाईलमधून पुसून टाकले.

यंत्र दिसायला देखणे होते, पण संपादनाला बसले की अडकायचे. आज करू, उद्या करू असे म्हणता म्हणता पाऊस सुरू झाला. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असताना एके दिवशी तो लॅपटॉप सुरूच झाला नाही. आतील डिस्क गेली होती. अश्विनात आजी गेल्या. त्यांचा आवाज आज कुठेही शिल्लक नाही. समितीचा हिशेब मी लिहितो. मुंबईत घरकाम करणाऱ्या भगिनींनी पाठविलेली वर्गणी व त्यातून झालेला हा खर्च, दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या आहेत. म्हणून हा लेख.

आधी काम, मग यंत्र

लॅपटॉप घेताना आपण बहुधा रंग, जाडी आणि सवलत पाहतो. दुकानदार सांगेल ते खरे मानतो. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. तो उपदेश दुकानाच्या दारात विसरण्याचे कारण नाही.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. रोजचे काम कोणते? प्रवास किती? चित्रफितीचे संपादन किती व कोणत्या दर्जाचे? समितीचा हिशेब, इतिवृत्त, अर्ज आणि मुलांचा अभ्यास यांना साधा लॅपटॉप पुरतो. पण चित्रीकरणाचे संपादन त्यात आले की गणित बदलते.

जागेचे गणित

मोबाईलवर साध्या फुल एचडीचे चित्रीकरण सेकंदाला १७ मेगाबिट या वेगाने झाले, तर एका मिनिटाला सुमारे १२७ एमबी जागा लागते. तीन तासांच्या कार्यक्रमाला सुमारे २३ जीबी. तेच फोर-के मध्ये ४८ मेगाबिटने केले, तर मिनिटाला ३६० एमबी आणि तीन तासांना सुमारे ६५ जीबी. दोन कॅमेरे असतील तर १३० जीबी. ५१२ जीबीच्या डिस्कवर प्रत्यक्षात सुमारे ४७५ जीबीच दिसतात आणि त्यातही विंडोज व इतर प्रोग्रॅमची जागा जाते. म्हणून वाडीच्या कार्यक्रमांना फुल एचडी पुरेसे आहे. फोर-के चा हट्ट धरण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

कोणता भाग किती हवा?

रॅम : संपादनासाठी १६ जीबी हवीच. आमच्या यंत्रात ८ होती आणि ती मदरबोर्डवर पक्की बसविलेली असल्याने वाढविता आली नाही. ‘रॅम पुढे वाढविता येईल का?’ हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा.

डिस्क : एसएसडीच घ्यावी, किमान ५१२ जीबी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर संपादन फार मंद चालते.

प्रोसेसर : इंटेल किंवा एएमडीच्या नावाशेवटी ‘यू’ असेल तर तो वीज कमी खातो व बॅटरी जास्त टिकते. ‘एच’ असेल तर ताकद जास्त, पण उष्णताही जास्त. प्रवास व लिखाण मुख्य असेल तर ‘यू’, संपादन मुख्य असेल तर ‘एच’. केवळ ‘आय-५’, ‘आय-७’ पाहून भुलू नये. जुन्या पिढीच्या आय-७ पेक्षा नव्या पिढीचा आय-५ अनेकदा सरस ठरतो.

ग्राफिक्स कार्ड : फुल एचडीची साधी काटछाट, गाण्यांची जोडणी, मराठी शीर्षके एवढ्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही. फोर-के आणि रंगसंस्काराचे काम नेहमीचे असेल तरच त्यावर खर्च करावा. त्याने वजन वाढते, चार्जर जड होतो व बॅटरी लवकर उतरते.

पडदा : फुल एचडी असावा. रंग खरे दिसावेत यासाठी ‘शंभर टक्के एसआरजीबी’ असा उल्लेख आहे का ते पाहावे. नाहीतर पंचशील ध्वजाचे रंग संपादनात एक आणि मोबाईलवर दुसरे दिसतात.

प्रवासाचा विचार

आपले कार्यकर्ते ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला जातात. सावंतवाडी रोड स्थानकावरून गाडीत बसून रात्र काढायची, तर दीड किलोच्या आसपासचे यंत्र बरे. वजन मोजताना चार्जरही धरावा. बॅटरी ५० वॉट-तास वा अधिक असावी. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीशिवाय नेता येते. टाईप-सी वर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर मोबाईल व लॅपटॉप यांना एकच मोठा चार्जर पुरतो.

आंबोलीचा पाऊस

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि येथे वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपाटातील कपड्यांना बुरशी येते, तेथे यंत्राची काय कथा! पावसाळ्यात लॅपटॉप बंद करून महिनोन् महिने ठेवू नये. रोज थोडा वेळ चालवावा, म्हणजे आतील ऊब ओल घालविते. इतर वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. गादीवर ठेवून चालवू नये, हवेची भोके बुजतात. वीज ये-जा करत असताना चार्जर थेट भिंतीत न लावता सर्ज संरक्षण असलेल्या बोर्डावर लावावा. विजा चमकू लागल्या की काढून टाकावा.

जवळचे सेवा केंद्र सावंतवाडीला, कोल्हापूरला, बेळगावला की गोव्यात, हे खरेदीपूर्वीच विचारावे. घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी मिळाली तर आपल्यासारख्या गावाला ती मोलाची आहे.

जुना घ्यावा का?

पैसे कमी असतील तर जुना घेण्यात कमीपणा नाही. मात्र विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपली एखादी चित्रफीत पेन ड्राईव्हवर नेऊन दुकानातच चालवून पाहावी. संपादनासाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाईव्ह, शॉटकट ही साधने आहेत. चोरीचे प्रोग्रॅम भरून घेऊ नयेत. पंचशीलातील दुसरे शील येथेही लागू आहे.

सर्वांत स्वस्त भाग

आमची खरी चूक यंत्राची नव्हतीच. नोंद एकाच ठिकाणी ठेवली, ही ती चूक. प्रत्येक चित्रीकरणाच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर. आपल्याकडे गावची शाखा व मुंबई शाखा अशी जुनी व्यवस्था आहेच. तिसरी प्रत मुंबई शाखेकडे द्यावी. अंदाजपत्रक करताना हार्ड डिस्कचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत लॅपटॉप बसवावा.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. आपले म्हणणे आपणच छापावे, यासाठी त्या काळी केवढे कष्ट पडले! आज छापखाना आणि चित्रशाळा दोन्ही एका पिशवीत मावतात. पण त्यात भरायचा मजकूर आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवर आहे आणि तो दुकानात मिळत नाही.

यंदा समितीने पुन्हा वर्गणी काढली आहे. या वेळी हिशेबाच्या वहीत पहिली नोंद हार्ड डिस्कची केली आहे. वाडीत आणखी दोन आजी आहेत. लॅपटॉप येईपर्यंत थांबायचे नाही असे ठरले असून, येत्या पौर्णिमेला मोबाईलवरच त्यांचे बोलणे टिपून घेणार आहोत. आपणही आपल्या वाडीत तेवढे करावे.

जयभीम! नमो बुद्धाय!