ब्राझीलच्या घरचा स्वयंपाक : भात, घेवडा आणि कसाव्याचे पीठ

ब्राझीलमधील बहुसंख्य घरांत दुपारच्या जेवणाचा बेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. मोकळा भात, दाट रसातील घेवडा, त्यावर भुरभुरलेले कसाव्याचे भाजके पीठ, थोडी पालेभाजी आणि ऐपतीप्रमाणे मांस, मासे किंवा अंडे. परदेशांतील उपाहारगृहांत ब्राझीलची ओळख निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाने होत असली, तरी त्या देशाचे रोजचे अन्न हेच होय. या शतकाच्या आरंभापासून मात्र ताटातील घेवडा झपाट्याने कमी होत गेला असून, घरच्या स्वयंपाकाचा प्रश्न तेथे सरकारी धोरणाचा विषय झाला आहे.

हा घेवडा म्हणजे आपल्याकडील राजम्याच्याच जातीचे वाळवलेले दाणे. प्रांतागणिक त्यांचा रंग बदलतो. रिओ दि जानेरोमध्ये काळे दाणे लागतात, तर साओ पाऊलोमध्ये फिकट तपकिरी, रेघा असलेले दाणे पसंत केले जातात. या तपकिरी वाणाचे नाव मात्र ‘कारिओका’, म्हणजे ‘रिओचा रहिवासी’ असे आहे! ईशान्येकडील कोरड्या प्रदेशात घेवड्याची जागा बरेचदा चवळी घेते.

दाणे रात्रभर भिजवून, तमालपत्र घालून कुकरमध्ये शिजवले जातात. दुसऱ्या भांड्यात तेलावर कांदा आणि भरपूर लसूण परतून त्यात पळीभर शिजलेले दाणे घालतात, ते ठेचतात आणि हे मिश्रण मूळ भांड्यात ओतून मंद आचेवर उकळू देतात. रस दाट होण्याचे रहस्य या ठेचलेल्या दाण्यांत असते. गरम मसाल्याला येथे स्थान नाही, त्यामुळे भारतीय जिभेला हा पदार्थ प्रथम सौम्य वाटण्याचा संभव आहे. भातासाठीही तांदूळ आधी लसणीवर परतले जातात आणि मगच पाणी घातले जाते. वेळ वाचावा म्हणून अनेक घरांत आठवडाभराचा घेवडा एकदाच शिजवून ठेवला जातो.

याच काळ्या घेवड्यात खारवलेले व धुरावलेले डुकराचे मांस घालून तासन्‌तास शिजवले की ‘फेजुआदा’ हा प्रसिद्ध पदार्थ तयार होतो. उपाहारगृहांत तो प्रामुख्याने बुधवारी आणि शनिवारी मिळतो. सोबत संत्र्याच्या फोडी आणि बारीक चिरून परतलेली ‘कोव्ही’ नावाची पालेभाजी असते. मराठीतील ‘कोबी’ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. मालकांनी टाकून दिलेल्या मांसातून गुलामांनी फेजुआदा निर्माण केला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक लुईस दा कामारा कास्कुदो यांनी मात्र त्याचे मूळ मांस आणि भाज्या एकत्र शिजवण्याच्या युरोपीय पद्धतीत असल्याचे मत मांडले होते. कथा हृद्य असली, तरी इतिहासकारांचा कल कास्कुदो यांच्या बाजूनेच आहे.

ब्राझीलच्या स्वयंपाकाचा खरा पाया मात्र कसावा, म्हणजेच टॅपिओकाचा कंद, हा आहे. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आणला. त्याच्या कडू जातींत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात आणि हा कंद कच्चा खाल्ल्यास जिवावर बेतू शकते. या रहिवाशांनी त्यावर शोधलेला उपाय आजही वापरात आहे. कंद सोलून किसला जातो. हा ओला कीस ‘तिपिती’ या वेताच्या लांब, लवचीक नळीसारख्या विणलेल्या पात्रात भरून ताणला जातो. ताण पडताच नळी आवळली जाते आणि विषारी रस बाहेर पडतो. उरलेला चोथा चाळून मोठ्या तव्यावर सतत हलवत भाजला, की ‘फरिन्या’ हे पीठ तयार होते. लोण्यावर कांदा परतून त्यात हे पीठ खरपूस केले, की ‘फरोफा’ झाला.

पिळून काढलेला रसही वाया जात नाही. तो स्थिर ठेवल्यावर तळाशी पांढरे सत्त्व बसते आणि वरचा पिवळा रस दीर्घकाळ उकळून निर्विष केला जातो. ‘तुकुपी’ नावाच्या या आंबट रसात अ‍ॅमेझॉनच्या परिसरात बदक शिजवले जाते. कसाव्याच्या पानांचा ‘मनिसोबा’ हा पदार्थ तर सुमारे सात दिवस उकळावा लागतो. ऑक्टोबर महिन्यात बेलें शहरात भरणाऱ्या नाझारेच्या मातेच्या यात्रेत तो आवर्जून केला जातो. घरी प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात घेणे अगत्याचे आहे की, कडू कसाव्यावरील ही प्रक्रिया अनुभवी हातांचेच काम आहे. बाजारात खाण्यासाठी मिळणारा गोड जातीचा कंदही सोलून, पूर्ण शिजवून आणि उकळलेले पाणी टाकून देऊनच खावा.

रसाच्या तळाशी बसलेल्या सत्त्वापासून ईशान्य ब्राझीलमध्ये ‘टॅपिओका’ केला जातो. ओलसर सत्त्व चाळून तेलाशिवाय गरम तव्यावर पसरले की ते आपोआप जुळून येते. त्यावर खोबरे किंवा चीज घालून घडी घालतात. मिनास जेराईस राज्यात हेच सत्त्व आंबवून, उन्हात वाळवून, त्यात अंडी आणि चीज मिसळून ‘पाँव दे केजो’ हे छोटे गोळे भाजले जातात. यातील ‘पाँव’ म्हणजे मराठीतील पावच. या राज्यातील चीज बनवण्याच्या पारंपरिक पद्धतीचा समावेश युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

कसाव्याचे सत्त्व मराठी घरांनाही अपरिचित नाही. पोर्तुगीजांमार्फत हा कंद भारतात आला, केरळमध्ये रुजला आणि तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्यापासून साबुदाणा बनू लागला. एकादशीची खिचडी अशा प्रकारे ब्राझीलच्या टॅपिओकाची दूरची नातलग ठरते. ‘काजू’ आणि ‘अननस’ ही फळे व त्यांची नावेही दक्षिण अमेरिकेतील तुपी-ग्वारानी भाषांतून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आपल्याकडे आली. उलट नारळ हिंदी महासागराच्या परिसरातून ब्राझीलला गेला. बाहिया राज्यात नारळाचे दूध आणि पामतेल घालून केलेले माशांचे ‘मोकेका’ हे कालवण त्याशिवाय होत नाही. शेजारच्या एस्पिरितो सांतो राज्यात मात्र मोकेकात हे दोन्ही घालत नाहीत आणि आपलेच कालवण अस्सल असल्याचा तेथील लोकांचा दावा असतो.

एवढी समृद्ध परंपरा असूनही ब्राझीलच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची पाहणी वेगळेच चित्र दाखवते. 2002-03 ते 2017-18 या काळात घरी खाण्यासाठी होणारी घेवड्याची दरडोई वार्षिक खरेदी सुमारे 12 किलोवरून 6 किलोच्याही खाली आली. तांदळाची खरेदीही एक तृतीयांशाहून अधिक घटली. बाहेर जेवण्याचे वाढते प्रमाण हे याचे एक कारण असले, तरी तयार, पाकीटबंद पदार्थांनी घरात केलेला शिरकाव दुर्लक्षिण्याजोगा नाही.

साओ पाऊलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे वर्गीकरण पोषकद्रव्यांऐवजी कारखान्यातील प्रक्रियेच्या प्रमाणावरून करण्याची पद्धत मांडली. तिचा आधार घेऊन आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये नवी आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नैसर्गिक किंवा अल्प प्रक्रिया केलेले पदार्थ आणि ताजा स्वयंपाक यांनाच प्राधान्य द्यावे, हा तिचा मुख्य नियम आहे. स्वयंपाकाचे कौशल्य पुढच्या पिढीला शिकवावे आणि हे काम केवळ स्त्रियांवर न सोपवता पुरुषांनीही वाटून घ्यावे, असेही तिच्यात सुचवले आहे. घेवडा भिजत घालण्याची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न सरकारी पुस्तिकेत इतक्या स्पष्टपणे क्वचितच आला असेल.

मार्च 2024 मध्ये ब्राझील सरकारने जीवनावश्यक अन्नपदार्थांच्या टोपलीची नवी रचना जाहीर केली. कडधान्ये, तृणधान्ये, कंद, भाज्या आणि फळे यांना तीत स्थान असून, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ तीतून वगळण्यात आले आहेत.