कॉलेजचा ‘नेतृत्व विकास’ प्रकल्प: अर्ज लिहिताना खर्चाचं पान आधी भरा

कॉलेजच्या प्रकल्पासाठी छोटं अनुदान कसं मागायचं, यावर या आठवड्याचा व्हिडिओ केला आहे. बजेटचा भाग आकड्यांचा असतो, तो ऐकण्यापेक्षा वाचून जास्त समजतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला धंदा करायचा आहे, कॉलेजच्या अनुदानाशी आमचं काय घेणंदेणं? माझं लाखनीत स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. मुद्रा लोनचा प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायला लोक येतात, तसे कॉलेजच्या उपक्रमाचा प्रस्ताव घेऊन पोट्टेही येतात. दोघांची गाडी एकाच जागी अडते. पहिली दोन पानं झकास असतात. खर्चाचं पान आलं की म्हणतात, “ताई, तिथं तुमच्या मनानं टाका काहीतरी.” बँकेचा मॅनेजर सगळ्यात आधी तेच पान उघडतो. त्यामुळे तुम्ही अजून शिकत असाल तर वीस-पंचवीस हजारांवर हे शिकून घेण्याची संधी कॉलेजमध्ये आहे, आणि तिथे घर गहाण पडत नाही.

आता पैसा असतो कुठे ते बघू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे. पुणे विद्यापीठाचं मंडळ ‘निर्भय कन्या अभियान’, ‘विद्यार्थिनी व्यक्तिमत्त्व विकास’ अशा कार्यशाळांसाठी कॉलेजांकडून प्रस्ताव मागवतं आणि लहान रकमा देतं. भंडारा जिल्हा नागपूर विद्यापीठात येतो, तेव्हा आपल्या कॉलेजने नागपूरची परिपत्रकं बघायची. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ पासून सुरू आहे. तिथे पैसा स्वयंसेवकांच्या संख्येवर ठरतो. वर्षाला १२० तासांचं काम आणि ७ दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात स्वयंपाकाचा किराणा आणणारा, हिशेब ठेवणारा, सरपंचाशी बोलणारा पोरगा कोण होता ते मला सांगा, पुढे दुकान कोण चालवेल ते मी सांगते.

या बहुतेक ठिकाणी विद्यार्थी थेट अर्ज करत नाही, कॉलेज करतं. म्हणून पहिली भेट एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांची किंवा विद्यार्थी विकास अधिकारी सरांची घ्यायची. प्राचार्यांची सही शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका.

बक्षीस आणि अनुदान यात गल्लत करू नका. २०२२ च्या महाराष्ट्र स्टार्टअप यात्रेत जिल्ह्यात पहिल्या तिघांना २५, १५ आणि १० हजार होते. ते बक्षीस. अनुदान ठरलेल्या कामासाठी मिळतं, आणि त्याचा पै-पैचा हिशेब द्यावा लागतो.

शेजारच्या कर्नाटकातही उदाहरण आहे. हुबळीच्या देशपांडे फाउंडेशनचा ‘लीड’ कार्यक्रम कॉलेजच्या मुलांना स्वतःच्या कल्पनेवर काम करायला छोटं बीजभांडवल देतो. आणि लांबचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’. कॅथरिन डेव्हिस या बाईंनी २००७ साली वयाच्या शंभराव्या वाढदिवसाला १० लाख डॉलर दिले, विद्यार्थ्यांच्या १०० प्रकल्पांना प्रत्येकी १० हजार. त्यांनी मागितलेला प्रस्ताव केवढा? दोन पानं. आणि बजेट एक पान. आपल्याकडे बारा पानं मागण्याची हौस का आहे कुणास ठाऊक!

तर खर्चाचं पान. समजा प्रकल्प असा आहे: ३० विद्यार्थी दोन दिवस शिकतील, मग आठ आठवडे लाखनी आणि पालांदूरच्या बाजारातल्या ६० विक्रेत्यांना रोजची विक्री वहीत लिहायला शिकवतील. ‘युवकांमध्ये नेतृत्वगुणांची रुजवण’ हे वाक्य अर्जात एकदा लिहा, पुरे. वाचणाऱ्याला किती माणसं, किती दिवस, कुठे आणि शेवटी काय हातात दिसणार, हे हवं असतं. इथे ६० भरलेल्या वह्या दिसणार. नेतृत्व मोजता येत नाही, वह्या मोजता येतात.

आता आकडे. चहा-नाश्ता ३० जण, दोन दिवस, ४० रुपयांप्रमाणे २,४००. जेवण ९० प्रमाणे ५,४००. वह्या ६०, प्रत्येकी ४५, म्हणजे २,७००. दोन वक्त्यांचं मानधन १,५०० प्रमाणे ३,०००. बाजारात जाण्यायेण्याला आठवड्याला ६ जण, ६० रुपये, ८ आठवडे, २,८८०. माहितीपत्रकं २००, तीन रुपयांची, ६००. एक फ्लेक्स ५००. अहवाल, फोटो, झेरॉक्स ९००. बेरीज १८,३८०. हे दर नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या गावातल्या दुकानदाराकडून कोटेशन घ्या. पण १८,३८० च मागा. योजनेची मर्यादा २५,००० आहे म्हणून २५,००० लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, आकडा आधी ठरला आणि खर्च मागून बसवला. फ्लेक्स आणि सत्काराच्या शालींवर एक तृतीयांश गेला असेल तर मीच तो अर्ज नापास करीन, आणि फ्लेक्सची ऑर्डर माझ्याच दुकानात येते तरी!

सगळ्यात नाजूक मुद्दा, पैसा कधी येतो? पुष्कळदा काम आधी, बिलं नंतर, रक्कम त्यानंतर. मधले दोन-चार महिने कोणी भागवायचे? माझ्या ओळखीच्या एका गटाने काम उत्तम केलं होतं. बिलं मात्र मुलांच्या नावावर फाडली होती, कॉलेजच्या नावावर नाही. ६,२०० रुपये अडकले. त्यातल्या एका मुलीने दीड हजार घातले होते, तिची आई रोवणीला जाते. पुढच्या वर्षी त्या मुलीने नाव दिलं नाही. ज्यांच्या घरी उधारी झेपते, तेच मग ‘लीडर’ होतात.

म्हणून प्रस्ताव देतानाच विचारा: अग्रिम मिळतो का? मिळत नसेल तर कॉलेज आपल्या खात्यातून आधी देईल का? दोन्हीला नाही म्हटलं तर प्रकल्प लहान करा. ३० च्या जागी १५ विद्यार्थी, दोनच्या जागी एक बाजार. मुलांच्या खिशातून सुरुवात करायला मी तरी सांगणार नाही. हे धंद्यातही तसंच चालतं. पीएमईजीपीची सबसिडी मंजूर झाली तरी ती बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत बसते, हातात नोटा येत नाहीत. ज्यांना हे माहीत नसतं ते सबसिडीच्या भरवशावर मालाची उधारी करून बसतात.

बिलांचं काय करायचं? प्रत्येक बिल कॉलेजच्या नावावर, तारीख प्रकल्पाच्या मुदतीतली, दुकानाचा शिक्का आणि सही असलेलं. नाश्त्याचा ठेलेवाला छापील बिल देत नाही, त्याच्यासाठी व्हाउचर लिहून त्याची सही घ्या. हजेरीपत्रक रोजच्या रोज. जेवण ३० जणांचं आणि सह्या २२, असं निघालं की उरलेल्या आठ ताटांचं उत्तर सरांना द्यावं लागतं. सगळं जुळलं की उपयोगिता प्रमाणपत्र तयार होतं. केंद्राच्या पैशासाठी त्याचा ठरलेला नमुना असतो, जीएफआर १२-ए. विद्यापीठाचा नमुना परिपत्रकासोबत येतो, तो पहिल्याच दिवशी प्रिंट काढून फाइलला लावा. शेवटी काय विचारणार ते आधीच समोर राहतं.

थोडे पैसे उरले तर परत करा आणि अहवालात तसं लिहा. उरलेल्या ७०० रुपयांत घाईघाईने पेन वाटू नका.

पुढच्या व्हिडिओत हेच पान कोऱ्या कागदावर भरून दाखवते. तोवर तुमच्या कॉलेजचं परिपत्रक सूचनाफलकावर लागलंय का, ते बघून ठेवा.