हृदयाचा खलिता

उतारवयातील माणसाच्या घोट्याजवळ अंगठा दाबून उचलावा आणि तेथे पडलेला खळगा बराच वेळ भरून येऊ नये, रात्री आडवे होताच धाप लागून त्याने उशीवर उशी रचून बसल्याबसल्याच पहाट करावी, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला हृदयविफलतेची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. मात्र ते पाणी कोणाच्या हुकुमावरून अंगात साठले, हे त्या घराला सहसा कोणी सांगत नाही.

हुकूम सुटतो तो मूत्रपिंडांतून. थकलेले हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलीनासे झाले, की मूत्रपिंडांचा समज होतो की कोठेतरी जखम होऊन रक्त वाहून चालले आहे, आणि रेनिनपासून अल्डोस्टेरॉनपर्यंतची सारी यंत्रणा मीठ व पाणी अडवून धरण्याच्या बंदोबस्तास लागते. ज्या इमानाने ती घायाळाचा प्राण वाचवील, त्याच इमानाने ती दमलेल्या हृदयावरचा भार वाढवीत जाते.

या कारभाराविरुद्ध हृदय स्वतः दाद मागत असते, हे फार उशिरा उमगले. १९५६ साली ब्रुनो किश यांना गिनीपिगच्या कर्णिकांतील, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील, पेशींत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, घट्ट बारीक कण दिसले होते. असे कण ग्रंथींच्या पेशींत असावयाचे, स्नायूत त्यांचे काय काम? उत्तर मिळावयास १९८१ साल उजाडले. कॅनडातील किंग्स्टन येथे अडॉल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला, तो काय, मूत्रावाटे जाणारे सोडियम ३० पटींहून अधिक वाढले आणि मूत्र १० पट झाले. जवनिकांचा, म्हणजे खालच्या कप्प्यांचा, अर्क टोचला तेव्हा मात्र असे काहीच घडले नाही. इतक्या साध्या प्रयोगाने केवढा मोठा निवाडा दिला! ज्याला आपण निव्वळ पंप समजत आलो, ते हृदय ग्रंथीही निघाले.

त्या कणांतील संप्रेरक २८ अमिनो आम्लांचे निघाले. त्याचे भावंड १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याला मेंदूचे नाव चिकटले, पण रोगात त्याचे खरे माहेर जवनिका. तेथे साठा फारसा नसतो. भिंत ताणली गेली की पेशीकेंद्रातील जनुक जागे होते, १०८ अमिनो आम्लांची साखळी घडते, आणि ती तुटून ३२ चा कामाचा व ७६ चा निष्क्रिय असे दोन तुकडे रक्तात उतरतात. कामाचा तुकडा म्हणजे मीठ सोडा, रक्तवाहिन्या सैल करा, असा मूत्रपिंडांना व रक्तवाहिन्यांना धाडलेला खलिताच. पण नेप्रिलायसिन नावाचे विकर त्याचे वाटेतच तुकडे करते.

त्या विकरालाच अडवावे, ही युक्ती मला या साऱ्या संशोधनातील अत्यंत विचारी गोष्ट वाटते, कारण तीत शरीराच्याच शहाणपणाला हात दिलेला आहे. परंतु हेच विकर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनलाही तोडते, त्यामुळे त्याला एकट्याला अडवून भागत नाही. म्हणून नेप्रिलायसिनला अडविणाऱ्या सॅक्युबिट्रिल या औषधाला, अँजिओटेन्सिनला रोखणाऱ्या वलसार्टनची जोड द्यावी लागली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ८,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत, हृदयविकाराने मृत्यू येणे किंवा हृदयविफलतेसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, यांचे एकत्रित प्रमाण एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या तुलनेने या जोडगोळीने २० टक्क्यांनी घटविले.

हे औषध चालू असता ३२ अमिनो आम्लांचा तुकडा रक्तात वाढलेला दिसू शकतो, कारण त्याला तोडणारेच अडविलेले असते. तेव्हा हृदयावरचा ताण खरोखर उतरला की नाही हे पाहावयास डॉक्टर त्या ७६ च्या, नेप्रिलायसिनच्या तावडीत न सापडणाऱ्या, निष्क्रिय तुकड्याची मोजणी करवून घेतात.